प्लग काढून पाहिल्याशिवाय डिस्क ताब्यात घेऊ नका

प्रति,
राज्यातील सहकारी पतसंस्था व छोट्या नागरी सहकारी बँकांची संचालक मंडळे आणि खरेदी समित्या,
तसेच मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : सर्व्हरच्या डिस्कची वीज तोडून चाचणी घेण्याची अट खरेदीत घालण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

संगणक खरेदीची कोटेशने आपल्यापुढे येतात तेव्हा प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क किती जीबीची, वॉरंटी किती वर्षांची, हे सगळे त्यात असते. व्यवहार चालू असताना लाईट गेली तर ही डिस्क काय करील, याबद्दल मात्र एक ओळही नसते. पावती छापून खातेदाराच्या हातात दिली आणि अर्ध्या सेकंदात वीज गेली, तर ती नोंद डिस्कवर सापडेल की नाही? पुरवठादाराला विचारून पाहा. बहुतेकांना उत्तर देता येणार नाही, कारण त्यांनी ते कधी तपासलेलेच नसते. आमची मागणी एवढीच आहे : ज्या डिस्कवर संस्थेची रोजकीर्द आणि खतावणी राहणार, ती ताब्यात घेण्याआधी तिची वीज मुद्दाम तोडून बघा. एकदा तोडून भागत नाही, शेकडो वेळा तोडावी लागते. आणि कबूल केलेली एकही नोंद हरवली, तर ती डिस्क परत करा.

काउंटरवर 'सेव्ह' दाबले की नोंद एका उडीत डिस्कवर जात नाही. सॉफ्टवेअर ती डेटाबेसला देते, डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमला देतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम ती काही काळ रॅममध्ये ठेवून घेते. म्हणून डेटाबेस 'एफसिंक' नावाची विनंती करतो : हे खरोखर डिस्कवर उतरव, मगच मला सांग. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला 'फ्लश'चा आदेश पाठवते, कारण डिस्कच्या पोटातही स्वतःची छोटी रॅम असते. तिला राइट कॅश म्हणतात, आणि वीज गेली की तीही रिकामी होते. फ्लशला डिस्कने 'झाले' म्हटले की ते उत्तर उलट्या वाटेने सॉफ्टवेअरपर्यंत येते आणि पावती छापली जाते.

सगळा भरवसा या एका 'झाले'वर आहे. रोखपालाने नोटा न मोजताच 'रोख मिळाली'चा शिक्का मारावा, तसे काही डिस्क डेटा अजून कॅशमध्येच असताना 'झाले' म्हणून मोकळ्या होतात. फ्लश इमानदारीने पाळला की वेग घटतो, आणि बाजारात डिस्क विकली जाते ती वेगाच्या आकड्यावर. यूएसबीतून जोडलेल्या बाहेरच्या डिस्कमध्ये आणखी एक पायरी येते : मधली अॅडॉप्टरची चिप. फ्लशचा आदेश पुढे न पाठवता स्वतःच उत्तर देणाऱ्या चिपा बाजारात आहेत. म्हणून चालू डेटाबेस यूएसबी डिस्कवर कधीही ठेवू नका.

एसएसडीचा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपांवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचा, प्रश्न याहून खोल आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये वीज गेली तर फार तर चालू असलेले लिखाण जायचे. आधीचे जागच्या जागी राहायचे. एसएसडीत कुठला ब्लॉक प्रत्यक्ष फ्लॅशमध्ये कुठे आहे, याचा एक नकाशा सतत बदलत असतो. साधारण दर ४ केबीमागे ४ बाइटची एक नोंद, म्हणजे १ टीबीच्या डिस्कला सुमारे १ जीबीचा नकाशा. त्याचा ताजा भाग डिस्कच्या रॅममध्ये असतो. तो फ्लॅशवर उतरण्याआधी वीज गेली आणि फर्मवेअरला (डिस्कच्या आतल्या प्रोग्रामला) तो परत जुळवता आला नाही, तर महिन्यापूर्वी लिहिलेला, कोणी हातही न लावलेला डेटा नाहीसा होऊ शकतो. दुसरी अडचण फ्लॅशच्या पेशीत आहे. आजच्या फ्लॅशमध्ये एका पेशीत दोन, तीन किंवा चार बिट साठवतात, आणि हे बिट वेगवेगळ्या पानांचे असतात. अशा पेशीत दुसरे पान लिहिण्याचे काम वीज गेल्याने मध्येच तुटले, तर त्याच पेशीतले आधी व्यवस्थित लिहून झालेले पहिले पानही बिघडू शकते. सकाळी जमा केलेली, फ्लश झालेली नोंद दुपारच्या लाईट जाण्याने खराब होते ती अशी.

हे कागदावरचे भय नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्स यांच्या संशोधकांनी २०१३ साली ५ कंपन्यांच्या १५ एसएसडींची वीज ३,००० हून अधिक वेळा तोडून पाहिली. १५ पैकी १३ डिस्कमध्ये दोष निघाले : हरवलेल्या नोंदी, अर्धवट लिहिलेले ब्लॉक, उलटसुलट झालेला क्रम. एक डिस्क तर कायमची मेली. वीज गेल्यावर क्षणभर पुरवठा देणारे कपॅसिटर नुसते बसवूनही भागत नाही. इंटेलची ३२० मालिकेची एसएसडी २०११ साली आली तेव्हा तिच्यात वीज गेल्यावर काम पुरे करण्यासाठी कपॅसिटर होते. तरीही फर्मवेअरमधल्या चुकीमुळे काही डिस्क अचानक वीज गेल्यावर आपली क्षमता ८ एमबी दाखवू लागल्या आणि आतला डेटा हाती लागेना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित फर्मवेअर द्यावे लागले. म्हणून माहितीपत्रकात 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' छापले आहे यावर थांबू नका. हेच शब्द काही ठिकाणी फक्त आधी लिहून झालेल्या डेटाच्या संरक्षणासाठी वापरले जातात. कॅशमधल्या, वाटेत असलेल्या डेटाची हमी त्यात नसते. पुरवठादाराला लेखी विचारा : फ्लशला 'झाले' म्हटलेला आणि कॅशमध्ये असलेला, असा दोन्ही डेटा वीज गेल्यावर सुरक्षित राहतो का?

'आमच्याकडे यूपीएस आहे' हे उत्तर दर वेळी येते. यूपीएस हवाच, पण तो या चाचणीची जागा घेत नाही. काउंटरच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी असते. दोन-तीन उन्हाळ्यांत ती थकते, आणि थकलेली आहे हे नेमके लाईट जाते त्या क्षणी कळते : यूपीएस एकदा 'टक्' करतो आणि मशीन बंद. शिवाय यूपीएसच्या पुढेही बरेच काही बिघडते. एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) जळतो, सर्व्हरची वायर सैल होते, साफसफाईत प्लग निघतो, मशीन अडकले म्हणून कोणी बटण दाबून धरतो. घरगुती इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर त्याच्या बदलाच्या वेळेतच मशीन रिस्टार्ट होते. दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारी मिरर केली आहे, हेही उत्तर नव्हे. एकाच मॉडेलच्या दोन डिस्क एकाच क्षणी विजेविना राहिल्या, तर एकच चूक दोघीही करतात. रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) असेल तर त्याच्या बॅटरीची स्थिती दर महिन्याला पाहा, आणि त्या कार्डामागच्या डिस्कची स्वतःची राइट कॅश बंद आहे ना, तेही पाहा; कार्डाची बॅटरी डिस्कच्या पोटातली कॅश वाचवत नाही.

वीज तोडण्याआधी अर्ध्या तासात होणाऱ्या काही तपासण्या आहेत. त्यांत जी संस्था नापास होईल तिने पुढची चाचणी करण्याआधी हेच दुरुस्त करावे.

सर्व्हर विंडोजचा असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कच्या 'पॉलिसीज'मध्ये जा. तिथे दोन चौकटी दिसतात. पहिली राइट कॅश चालू ठेवण्याची. दुसरी विंडोजने फ्लश पाठवणेच बंद करण्याची. या दुसऱ्या चौकटीत टिक असेल तर ती आत्ता काढा. मशीन 'फास्ट' करून देण्यासाठी हीच टिक लावली जाते, आणि तिच्यामुळे चांगल्यातली चांगली साधी डिस्कसुद्धा निरुपयोगी ठरते. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर 'इनोडीबी फ्लश लॉग अॅट ट्रान्झॅक्शन कमिट' या सेटिंगची किंमत १ हवी. २ असेल तर वीज गेल्यावर साधारण शेवटच्या सेकंदाचे व्यवहार जाऊ शकतात. बायनरी लॉग वापरात असेल तर 'सिंक बिनलॉग'ही १ ठेवा. पोस्टग्रेस असेल तर 'एफसिंक' आणि 'सिंक्रोनस कमिट' दोन्ही चालू हवेत. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये (एका संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकात) असेल तर होस्ट, म्हणजे बाहेरचा खरा संगणक, फ्लश पुढे पाठवतो का ते पाहा. व्हर्च्युअलबॉक्स मूळ सेटिंगमध्ये आतल्या मशीनचे फ्लश दुर्लक्षित करतो, आणि क्यूईएमयूमध्ये कॅशचा 'अनसेफ' पर्याय नावाप्रमाणेच असुरक्षित आहे.

मग वेग मोजा. पोस्टग्रेससोबत 'पीजी टेस्ट एफसिंक' नावाचे छोटे साधन येते. ते एका सेकंदात किती एफसिंक पुरे झाले ते सांगते. ७,२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एकामागून एक तीच जागा लिहून प्रत्येक वेळी खरा फ्लश केला, तर आकडा १२० च्या फार वर जाऊच शकत नाही. तो २-३ हजार दाखवत असेल आणि मध्ये बॅटरीने राखलेली कॅश असलेले रेड कार्ड नसेल, तर डिस्क, कार्ड किंवा सेटिंग यांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे. एसएसडीला अशी सरळ मर्यादा नाही. तिथे फ्लशसह आणि फ्लशविना असे दोन आकडे काढा. दोन्ही जवळपास सारखे आले तर दोनच शक्यता उरतात : डिस्कमध्ये खरोखर कपॅसिटरचे संरक्षण आहे, किंवा फ्लश पाळलाच जात नाही. यांतले कुठले, ते प्लगच सांगेल.

आता मुख्य चाचणी. तिचे तत्त्व साधे आहे : जिच्यावर संशय आहे त्या डिस्कला स्वतःची साक्ष देऊ द्यायची नाही. एक संगणक डिस्कवर लिहील, प्रत्येक 'झाले'ची खबर दुसऱ्या संगणकाला देईल, आणि वीज फक्त पहिल्याची तुटेल. दुसऱ्याला आम्ही साक्षीदार म्हणतो. स्वतःची बॅटरी चांगली असलेला जुना लॅपटॉप साक्षीदार म्हणून पुरतो. दोघांना सरळ एका लॅन केबलने जोडा. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००५ च्या सुमारास लिहिलेला 'डिस्कचेकर' हा छोटा पर्ल प्रोग्राम नेमके हेच करतो आणि पोस्टग्रेसच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही त्याची शिफारस आहे. साक्षीदारावर तो ऐकण्याच्या मोडमध्ये सुरू करायचा, चाचणीच्या मशीनवर ५०० एमबीची फाइल तयार करायला लावायची, मध्येच वीज तोडायची, मशीन परत सुरू झाल्यावर पडताळणी चालवायची. किती चुका झाल्या ते तो सांगतो. ज्यांना एवढेच जमेल त्यांनी एवढे तरी कराच.

जिल्हा संघ किंवा सॉफ्टवेअर पुरवठादार यांनी मात्र यापुढे जावे. आपला प्रोग्राम लिहायचा तर ४,०९६ बाइटचा प्रत्येक ब्लॉक असा भरा : सुरुवातीला खूण, मग ब्लॉकचा क्रमांक, सतत वाढत जाणारा अनुक्रमांक, त्या अनुक्रमांकापासून तयार केलेले आकडे ब्लॉक भरेपर्यंत, आणि शेवटी सर्वांचा सीआरसी (डेटा बदलला का ते सांगणारा पडताळ्याचा आकडा). ब्लॉकचा क्रमांक आत लिहिलेला असला की भलत्याच जागी गेलेले लिखाण ओळखू येते. अनुक्रमांकामुळे जुने की नवे ते कळते, सीआरसीमुळे अर्धवट ब्लॉक पकडला जातो. एफसिंक परतल्यावरच अनुक्रमांक साक्षीदाराला पाठवा, आधी नाही, आणि तो लगेच जाईल अशी नेटवर्कची सेटिंग ठेवा. शेवटचे एक-दोन संदेश वीज जाण्यात हरवले तरी डिस्कवर खोटा आळ येत नाही, चाचणी फक्त थोडी सौम्य होते. उलट एफसिंकच्या आधी संदेश पाठवला तर निर्दोष डिस्कही दोषी दिसेल.

डिस्क रिकामी ठेवून चाचणी घेऊ नका. रिकाम्या एसएसडीला आतली आवराआवर करावी लागत नाही, आणि नकाशा सर्वांत जास्त हलतो तो त्या आवराआवरीत. आधी ८५ टक्के जागा माहीत असलेल्या डेटाने भरा आणि त्याचे सीआरसी साक्षीदाराकडे ठेवा. उरलेल्यातल्या ४ जीबी पट्ट्यात चाचणीचे लिखाण करा. लिखाणाचे प्रकार बदलत राहा : एकाच धाग्याने (एका वेळी चालणाऱ्या एकाच कामाने) क्रमाने, मग ८ ते ३२ धाग्यांनी कुठेही, मग लिखाण थांबवून २० सेकंदांनी वीज तोडणे. शेवटचा प्रकार लोक विसरतात. काम थांबले की एसएसडी आतल्या आत डेटा हलवू लागते, म्हणजे वरवर शांत दिसणारी डिस्कही त्या वेळी मध्यावरच असते. कच्च्या डिस्कवर थेट लिहिणारी ही चाचणी त्या डिस्कवरचे सर्व काही पुसते. म्हणून डिस्क तिच्या सीरियल क्रमांकाने निवडा. यादीतली अक्षरे प्रत्येक रिस्टार्टला बदलू शकतात.

वीज तोडायची कुठे, यावर निकाल बराच अवलंबून असतो. रिसेट बटण किंवा कीबोर्डवरून केलेला रिस्टार्ट ही चाचणीच नव्हे, कारण त्यात डिस्कची वीज चालूच राहते आणि ती कॅश आरामात रिकामी करते. २३० व्होल्टची बाजू तोडली तर खऱ्या लाईट जाण्यासारखे होते, पण एसएमपीएसच्या कपॅसिटरमुळे डिस्कला आणखी काही काळ वीज मिळत राहते : पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद, हलक्या भारावर त्याहून बरीच जास्त. तेवढ्या उधार वेळात कमकुवत डिस्कही निभावून नेते. पुढे मशीनमध्ये दोन कार्डे वाढली की तो वेळ घटतो. म्हणून दोन्ही करा : २३० व्होल्टच्या बाजूने १०० वेळा आणि थेट डिस्कच्या डीसी बाजूने, म्हणजे एसएमपीएसकडून डिस्कला येणाऱ्या वायरींवर, ३०० वेळा.

डीसी बाजूसाठी साटा (डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) पॉवरची एक एक्स्टेन्शन केबल घ्या, ३० सेंटिमीटरपेक्षा लांब नको. तिच्यातली लाल वायर ५ व्होल्टची, पिवळी १२ ची, नारिंगी असल्यास ३.३ ची, काळी ग्राउंड. २.५ इंची एसएसडीसाठी फक्त लाल वायर कापून तिथे १० अँपिअरचा रिले (विजेने चालणारा स्विच) घाला, ३.५ इंची हार्ड डिस्कसाठी लाल आणि पिवळी दोन्ही एकाच वेळी तुटतील असा दोन संपर्कांचा रिले लागेल. काळी वायर कधीही तोडू नका; ती तुटली तर प्रवाह डेटा केबलच्या ग्राउंडमधून परतू पाहतो. रिले साक्षीदाराला जोडलेल्या आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डावरून चालवा. लिखाण सुरू झाल्यावर ५ ते ६० सेकंदांत यादृच्छिक क्षणी वीज तोडावी, १५ सेकंद बंद ठेवावी म्हणजे आतले कपॅसिटर पुरते रिकामे होतील, मग परत द्यावी. रिलेचा संपर्क जोडताना काही मिलिसेकंद थरथरतो. तो नको असेल तर मॉस्फेट (संपर्काविना चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरा, पण आमच्या मते थोडी थरथर राहू द्यावी. लाईट येताना ती सरळ येतेच असे नाही.

या पद्धतीत मशीन चालूच राहत असल्याने एक फसगत होते. वाचून पाहताना ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या रॅममधला जुना, शाबूत डेटा दाखवू शकते आणि डिस्क पास झाली असे वाटते. म्हणून पडताळणीचे वाचन नेहमी 'डायरेक्ट' करा, म्हणजे ते कॅश टाळून थेट डिस्कवरून होईल. आणि आधी वाचा, मग फाइल सिस्टिम दुरुस्त करा. दुरुस्तीचे साधन आधी चालवले तर पुरावाच पुसला जातो.

२३० व्होल्टच्या बाजूला हौशी रिले मॉड्यूल लावू नका. थंड एसएमपीएस चालू होताना क्षणभर कित्येक अँपिअरचा झटका घेतो, त्याने छोट्या रिलेचे संपर्क चिकटतात. २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर बंद डब्यात, जाणकार वायरमनकडून बसवून घ्या. फेज आणि न्यूट्रल तोडा, अर्थिंग कायम जोडलेले ठेवा. मशीनच्या बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप सुरू' हा पर्याय निवडा, नाहीतर रात्रभर कोणाला तरी बटण दाबत बसावे लागेल. एम.२ प्रकारच्या (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या) डिस्क चालू मशीनमधून तोडण्याची सोय साध्या मदरबोर्डवर नसते. त्यांच्यासाठी याच बाजूने ३०० वेळा तोडा.

आपल्याकडचा एक प्रकार परदेशी चाचण्यांमध्ये सहसा नसतो, आणि आम्ही त्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो. वळवाच्या पावसात लाईट जाते, दहा सेकंदांत येते आणि परत जाते. वीज परत आल्यावर एसएसडी पहिले काही सेकंद आपला नकाशा जुळवत असते. त्याच वेळी दुसरा घाव बसला तर? म्हणून ३०० पैकी ६० वेळा वीज परत दिल्यावर अर्ध्या ते पाच सेकंदांत पुन्हा तोडा. व्होल्टेज पडण्याचा परिणाम पाहायचा असेल तर डिमरस्टॅटने २३० वरून हळूहळू खाली या, मशीन बंद पडेपर्यंत, आणि लगेच वर न्या. असे २० वेळा पुरे.

तीनशे हा आकडा कुठून आला? एखाद्या डिस्कची दर शंभर तोडींत एकदा चूक होत असेल, तर पाच-दहा वेळा प्लग काढून ती बहुधा दिसणारच नाही. एकही चूक न होता ३०० तोडी निभावल्या, तर चुकीचे प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ६० तोडींत ही खात्री फक्त ५ टक्क्यांच्या आतलीच मिळते. वेळही फार जात नाही. डीसी बाजूची एक फेरी साधारण ७० सेकंदांची, म्हणजे ३०० फेऱ्या सहा तासांत. दर २५ फेऱ्यांनंतर त्या ८५ टक्के जुन्या डेटाचे पूर्ण वाचन धरले, तर ५०० जीबीच्या डिस्कला आणखी तीन तास. संध्याकाळी लावले तर सकाळी निकाल हातात.

निकाल वाचताना चुका एका पारड्यात टाकू नका. साक्षीदाराकडे अनुक्रमांक आहे पण डिस्कवर नाही, ही कबूल करून हरवलेली नोंद. पतसंस्थेत तिचा अर्थ पिग्मीची पावती खातेदाराकडे आहे आणि जमा कुठेच नाही. १०५ सापडला पण १०३ नाही, ही क्रमाची चूक. खतावणीत रक्कम आली, रोजकीर्दीत नाही, आणि तेरीज जुळेना. ब्लॉकचा अर्धा भाग नवा आणि अर्धा जुना असेल तर डेटाबेस तो उघडायलाच नकार देऊ शकतो. जुन्या, न हलवलेल्या डेटाचा सीआरसी चुकला, तर ही सर्वांत वाईट चूक, कारण ती आज दिसत नाही; वर्षाखेरीस जुने खाते उघडल्यावर दिसते. आणि डिस्क ओळखलीच गेली नाही किंवा क्षमता भलतीच दाखवू लागली, तर चाचणी तिथेच संपली. साक्षीदाराकडे न पोचलेली नोंद डिस्कवर जुनी असो वा नवी, ती चूक नाही. बाकी कुठल्याही प्रकारची एकसुद्धा चूक झाली तरी डिस्क नापास. '९९ टक्के पास' असा शेरा या कामात नसतो.

आधीच घेतलेल्या डिस्कचे काय? राइट कॅश बंद करून पाहा. लिनक्समध्ये 'एचडीपार्म'ने ती बंद होते, पण पुष्कळ डिस्कमध्ये हे सेटिंग वीज गेल्यावर परत मूळपदावर येते. म्हणून ते प्रत्येक सुरुवातीला आपोआप लागेल असे करा. वेग उतरेल, एसएसडीची झीजही वाढेल, आणि काही डिस्क हा आदेश मान्य करूनही पाळत नाहीत. तेव्हा कॅश बंद केल्यावर चाचणी पुन्हा घ्या. बजेट कमी असेल तर डेटाबेसचा लॉग आणि डेटा दोन्ही मावतील एवढी छोटी, कपॅसिटर असलेली, सर्व्हरसाठी बनवलेली एसएसडी घ्या, आणि मोठी साधी डिस्क स्कॅन केलेली कागदपत्रे व बॅकअप यांना राहू द्या. पतसंस्थेचा डेटाबेस क्वचितच फार मोठा असतो.

कपॅसिटरही म्हातारे होतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअस वाढीला साधारण निम्मे होते, आणि विदर्भाच्या मे महिन्यात बंद लाकडी कपाटात ठेवलेल्या सर्व्हरच्या आतले तापमान किती असेल याचा अंदाज आपणच करा. सर्व्हर कपाटाबाहेर काढा. चांगल्या डिस्क स्वतःच्या कपॅसिटरची तपासणी करून निकाल 'स्मार्ट'च्या नोंदीत ठेवतात : इंटेलच्या पुष्कळ साटा डिस्कमध्ये तो १७५ क्रमांकाला दिसतो, एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीच्या) डिस्कमध्ये 'क्रिटिकल वॉर्निंग'मध्ये त्यासाठी वेगळा बिट आहे. अचानक वीज गेल्याची मोजणीही तिथेच असते. एनव्हीएमईत तिला 'अनसेफ शटडाउन्स' म्हणतात. दर महिन्याच्या एक तारखेला हे आकडे वहीत उतरवून ठेवा. यूपीएस असूनही मोजणी वाढत असेल, तर यूपीएस काम करत नाही हे त्या वहीतून कळेल.

पिग्मी एजंटच्या हातातली मशीनही डिस्कच आहे, फक्त छोटी. तिच्या आत फ्लॅश किंवा मेमरी कार्ड असते आणि दिवसभराची वसुली संध्याकाळपर्यंत तिथेच असते. पावती छापली जात असताना बॅटरी काढा, परत घाला, नोंद आहे का पाहा, बेरीज जुळते का पाहा. ५० वेळा. यासाठी वायरमन लागत नाही.

मा. आयुक्त महोदयांना विनंती अशी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार संस्थांचे लेखापरीक्षण होते, आणि आज ते संगणकातून निघालेल्या आकड्यांवरच होते. ते आकडे ज्या डिस्कवर आहेत तिची वीज तोडून चाचणी झाली आहे का, हा प्रश्न लेखापरीक्षकांच्या तपासणी यादीत घालावा. प्रत्येक पतसंस्थेने स्वतः चाचणी घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. एकाने नीट घेतलेली चाचणी त्या मॉडेलसाठी सगळ्यांना उपयोगी पडते, मात्र अहवालात मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, तोडींची संख्या, तोडण्याची जागा आणि प्रत्येक प्रकारच्या चुकांची मोजणी हवी. फर्मवेअर बदलले की अहवाल शिळा होतो. त्याच नावाखाली आतला कंट्रोलर किंवा फ्लॅश बदलूनही डिस्क विकल्या जातात, म्हणून आलेल्या मालातली एक डिस्क उघडून न पाहता निदान ६० तोडींची उजळणी करावी.

खरेदीच्या अटींमध्ये घालायचे कलम आम्ही असे सुचवतो, जसेच्या तसे वापरावे : "पुरवठादाराने डेटाबेससाठी देऊ केलेल्या डिस्कच्या मॉडेल व फर्मवेअर आवृत्तीवर, डिस्क ८५ टक्के भरलेली असताना व राइट कॅश देऊ केलेल्या स्थितीत असताना, डीसी बाजूने किमान ३०० व २३० व्होल्टच्या बाजूने किमान १०० वेळा वीज तोडण्याची चाचणी स्वतंत्र साक्षीदार संगणकासह घेतली जाईल. एम.२ प्रकारच्या डिस्कसाठी २३० व्होल्टच्या बाजूने किमान ३०० वेळा वीज तोडली जाईल. कबूल केलेली एकही नोंद हरवल्यास, बिघडल्यास किंवा क्रम चुकल्यास संपूर्ण पुरवठा स्वखर्चाने बदलून द्यावा लागेल. वॉरंटीच्या काळात फर्मवेअर बदलण्यापूर्वी लेखी कळवणे बंधनकारक राहील."

चाचणीसाठी वापरलेली डिस्क कामाच्या सर्व्हरमध्ये बसवू नका. तिच्यावर मॉडेल, फर्मवेअर आणि तारीख लिहून ती बाजूला ठेवा. कंपनीने नवे फर्मवेअर आणले की ते पहिले हिच्यावर चढवून पाहायचे आहे.

आपले विश्वासू,
सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणारे तंत्रज्ञ